गुठळी नसलेलं कस्टर्ड

घड्याळांना रोज चावी द्यावी लागायची, त्या काळातली ही गोष्ट. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. भर दुपारी बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन ती दुकानात शिरली, तेव्हा घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून वाटीतलं काहीतरी खात होता.

"भिंगातून काय शोधताय — माशी?"

तो दचकला. वाटी घाईघाईनं टेबलाखाली सरकवली आणि बर्फात ठेवलेला डबा तिच्यापुढे केला. "कस्टर्ड आहे... घ्या ना. मीच केलंय."

थंडगार, हलकं, साखर बेताची. एक गुठळी नाही! आणि कसला तरी पुसटसा वास... ओळखीचा, पण नाव काही आठवेना.

मग तिचं घड्याळ वरचेवर बंद पडू लागलं. तो काही न बोलता चावी द्यायचा, डबा पुढे करायचा. वाटी मात्र दर वेळी टेबलाखाली.

"पुरुषाच्या हातचं इतकं गुळगुळीत?" थोरली बहीण म्हणाली. "वेडी की काय तू! कुणीतरी आहे त्याच्या घरात. वाटी का लपवतो मग?"

ताईचं म्हणणं तिला पटलं. मागे तिचं लग्न ठरलं होतं, तो माणूस आधीच संसारी निघाला होता. पुन्हा फसायची तिची तयारी नव्हती. दिवसभर चुका हुडकणाऱ्या डोळ्यांना बिनचूक काही दिसलं, की जास्तच धास्ती वाटायची.

एके दिवशी तो चाचरत म्हणाला, "तुमच्या घरी येऊ का... ताईंशी बोलायला?"

"या. पण कस्टर्ड करायचं. माझ्या डोळ्यांदेखत."

त्याचा चेहरा उतरला. तिनं ते बरोबर टिपलं.

रविवारी तो आला. साय काढलेलं दूध तापत ठेवलं, पावडर गार दुधात कालवली. हात सराईत होते. पण मिश्रण ओतताना त्यानं एकदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं — आणि ढवळायचा हात थांबला. पातेल्यात गुठळ्याच गुठळ्या!

"बघ, मी म्हणत नव्हते?" दारातून ताई.

धाकटीनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "खरं सांगा. रोजचं कोण करतं?"

"मीच. रोज असंच होतं." तो खाली मान घालून पुटपुटला, "गाळणी मिळेल का? चहाची चालेल. माझ्याकडे तीच एक आहे. सकाळी चहा, मग कस्टर्ड."

चहा! तो वास चहाचा होता!

ताईनं गाळणी दिली. त्यानं सगळं गाळून फ्रीजमध्ये ठेवलं. दोन तास तिघं समोरासमोर बसली. ताईनं त्याला त्याच्या आजोळापर्यंत सगळं विचारून घेतलं. मग धाकटीनं पहिला चमचा तोंडात घातला. तेच कस्टर्ड, तोच वास.

"आणि ती वाटी?"

"गुठळ्यांची." त्याचे कान लाल झाले. "टाकवत नाहीत हो. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून लपवली. पुढे... तुम्ही किती खूश होऊन खायचात. गुठळ्या दिसल्या असत्या तर परत आला असतात का?"

"माझं घड्याळ कधी बिघडलं होतं का हो?"

"एकदाही नाही. चावी संपायची नुसती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर... परत आला असतात का?"

ताईला एकाएकी गॅलरीतले कपडे आठवले आणि ती तिकडे निघून गेली.

धाकटी उठली. ओट्यावरच्या गाळणीतल्या गुठळ्या तिनं दोन वाट्यांत काढल्या, चमच्यानं मोजूनमापून सारख्या केल्या आणि एक त्याच्यापुढे ठेवली.

"लपवायचं नाही यापुढे," ती म्हणाली. "अर्ध्या माझ्या."