खोली रिकामी करून द्या

शीतल आणि किशोर शहापूरला निघाले ते घराच्या बुकिंगचे पैसे परत मागायला. येताना सासूबाईंसाठी सुकट आणायची होती, म्हणजे फेरी अगदीच फुकट गेली नसती, असं शीतल मनात म्हणाली.

पैसे तिचेच होते. लग्नाआधी वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला उभं राहून साठवलेले. मुरबाड रस्त्यावरच्या स्कीममध्ये ते भरले आणि मग जमिनीचे कागद अपुरे म्हणून बँकेने कर्ज नाकारलं. बिल्डर म्हणे, कर्ज मिळवणं तुमचं काम, बुकिंग परत मिळत नसतं. अख्खा पावसाळा हीच तणतण चालली होती.

आज मात्र बिल्डरच्या ऑफिसातल्या शेखरने नवीनच काढलं. "वहिनी, ताबा घेऊन वर पैसे मागता?"

"कसला ताबा?" किशोर म्हणाला. "वरचा स्लॅबपण नाय पडला अजून."

"मग आत राहतंय कोण? साइटवरची माणसं रोज बघतात वहिनींना. खोली रिकामी करून द्या, चेक घेऊन जा."

तो हसत नव्हता. शीतलला मात्र हसू आलं. ना छप्पर, ना भाडं. चांगली सोय होती.

साइटवर ऊन रणरणत होतं. मिक्सर बंद, कामगार सुट्टीला गावी गेलेले. सगळीकडे कानाला दडे बसल्यासारखी शांतता. रखवालदारीण ठकी एकटीच सावलीला बसली होती. तिने शीतलकडे पाहिलं, मग तळमजल्याच्या, दार न बसवलेल्या चौकटीकडे, मग पुन्हा शीतलकडे.

"वैनी... तुमी भायेर कवा आल्या?"

"आत्ताच येतोय आम्ही. आटगावहून."

"नाय गो. आत भात ठेवलाय ना तुमी... वास येतोय."

येत होता. ओल्या सिमेंटच्या वासात मिसळलेला, उतू गेलेल्या भाताचा वास.

आत चूल नव्हती. चार करड्या भिंती, वर आभाळ आणि खाली पावलं.

बुकिंगच्या दिवशी बिल्डरने नव्या जोडप्यांचा गृहप्रवेश केला होता, फोटोपुरता. तांदळाचं माप ओलांडून, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून शीतल दोन-चार पावलं आत गेली होती. त्यावर एवढा पाऊस कोसळून गेला, तरी ती पावलं ओली होती. लाल होती. आणि वाढली होती. उंबऱ्यापासून ओट्याच्या जागेशी, तिथून खिडकीच्या भोकाशी, पुन्हा ओट्याशी. घरकामाला जुंपलेल्या बाईची असावीत तशी. डाव्या पावलाची करंगळी कुठेच टेकली नव्हती. शीतलची करंगळी जन्मापासून तशीच वर उचललेली. मुलगी बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी ती पहिल्यांदा हेरली होती.

बाहेर पडणारं पाऊल एकही नव्हतं.

"अहो..."

"पुसून टाक," किशोर कुजबुजला. "फोटो काढू, दाखवू, चेक घेऊ. लवकर."

ठकीने बादली आणि फडकं आणून दिलं. पण उंबऱ्याच्या आत ती आली नाही.

"आधी तिला इचारा तरी, वैनी..."

कुणाला, हे शीतलने विचारलं नाही. ती खाली बसली आणि पुसू लागली. बादलीतलं पाणी लाल होत गेलं. शेवटचं पाऊल खिडकीशी होतं. त्यावर हात टेकला तर ते कोमट लागलं, माणसाच्या अंगासारखं. तिने डोळे मिटून फडकं फिरवलं. भाताचा वास तेवढ्यात थांबला, कुणी झाकण ठेवावं तसा.

शेखरने फोटो पाहिला आणि मुकाट्याने चेक दिला. किशोर घरापर्यंत शीळ घालत आला. सुकट आणायची राहूनच गेली.

सासूबाईंनी लादी पुसून लख्ख केली होती. मोरीत पाय धुऊन दोघं आत आले.

"पुसल्या लादीवर पाय उठवलेस ना रे?" सासूबाई किशोरवर करवादल्या. "बायकोकडून शीक जरा. बघ कशी आली, एक डाग नाय."

शीतलने वळून पाहिलं. मोरीपासून किशोरची ओली पावलं आली होती. एकट्याची. तिच्या तळव्यांतून अजून पाणी निथळत होतं, ते तिला जाणवत होतं.

तिने डावा पाय लादीवर घट्ट दाबून धरला. मग उचलला.

लादी कोरडी होती.