कणकेचा गोळा आणि लाल दिवा

"दाबलास का रे?" निकिता जीपच्या मागून ओरडली.

"केव्हाचा! पाय दुखायला लागला आता," रुद्र आतून म्हणाला.

मागचे दिवे मात्र मेल्या माशाच्या डोळ्यांसारखे थंडगार. दुपारी मनमाडहून भंगारवाला शेखर येणार, आणि जीप गेली की गेली. परवा विंचूरच्या रस्त्यावर सोमनाथकाकांनी ब्रेक मारला, मागच्या ट्रकवाल्याला लाल दिवा दिसलाच नाही. थोडक्यात निभावलं. काकांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलला, ब्रेकचा स्विचही बदलला. मग हात झटकून म्हणाले, म्हातारं ढोर पोसायचं कशाला?

बोलायला काय, जिभेला हाड नाही! याच जीपनं बयाआजी काष्टा खोचून विंचूरच्या बाजारात कांदा नेत असे. नवऱ्यानं, म्हणजे सहादू आजोबांनी, तिला चालवायला शिकवलं तेव्हा सारं सायखेडा गाव तोंडाला पदर लावून हसलं होतं. पुढे हसणाऱ्यांच्याच लेकीसुना या जीपमध्ये बसून बाळंतपणाला गेल्या. विकायचं ठरल्यापासून आजी जीपकडे पाठ करून बसली होती. तिखट बाई गप्प झाली, की घरात मीठच उरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीला नाशिकहून शेजारी आलेली संपदा जीपसमोरच्या ओट्यावर चिवडा खात होती. खाता खाता थांबली.

"निकिता, ब्रेक दाबला की पुढचे छोटे दिवे का गं मिणमिणतात?"

निकिता धावत पुढे आली. रुद्रनं पाय उचलला, दिवे विझले. दाबला, पुन्हा मिणमिण. मागचा ब्रेक आणि पुढे उजेड! शाळेतला बॅटरी-बल्बचा प्रयोग तिला आठवला. वीज गेली तशी परतही यावी लागते. मागे परतीची वाट बंद असणार, म्हणून ती पुढच्या दिव्यांतून आडवाटेनं जात होती.

तिनं लांब तार आणली. रुद्रनं एक टोक बॅटरीच्या अर्थिंगला, म्हणजे वीज परत येते त्या टोकाला धरलं, दुसरं निकितानं मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. संपदानं ब्रेक दाबला. दिवा लालभडक पेटला.

म्हणजे बल्ब चांगले, दोष अर्थिंगचा. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची तार मागच्या एका बोल्टला होती, आणि तो बोल्ट रंगात बुडाला होता. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून काकांनी जीप रंगवली होती. बोल्ट सोडवून पत्र्याला रंग फासला आणि तार रंगावरच कसली. रंगातून वीज जाते होय?

"पण आजी तर दरवर्षी रंगवून घ्यायची," रुद्र म्हणाला. "तेव्हा नाही गेले दिवे."

निकिताला आठवलं, आणि ती आजीकडे पळाली. रंगाच्या आधी आजी त्या बोल्टवर कणकेचा गोळा थापायची, वर कुंकू लावायची. तो कशाला?

"नैवेद्य तो गाडीचा," आजी पाठ न वळवता म्हणाली. "तुझ्या आजोबांनी सांगितलेलं. रंग वाळला की काढायचा. औंदा मी डोळ्याच्या ऑपरेशनला नाशकात, आणि तुझ्या काकाला ते खुळचट वाटलं."

गोळ्यामुळे बोल्टला रंग लागत नसे, म्हणून दिवे चालत; निकितानं सगळं उलगडून सांगितलं. आजी काठी न घेताच उठली.

रुद्रनं बोल्ट सोडवून काचपेपर घासला. चकचकीत पत्रा दिसला, आणि त्याच्या कडेला जुने रंग निघाले: लाल, खाली निळा, त्याखाली हिरवा. आजीनं हिरव्यावर बोट ठेवलं. "पहिली द्राक्षं लागली, त्या सालचा," एवढंच म्हणाली.

शेखर आला तेव्हा बोल्ट कसून झाला होता. रुद्रनं ब्रेक दाबला, आणि शेखरचा पांढरा सदरा लाल झाला.

"चालती गाडी भंगारात घालू म्हणता?" तो हसला. "मी नाही नेणार."

काका कान खाजवत पुढे आले. "हरलो बाबा. कोणाची अक्कल ही?"

"माझ्या नातवंडांची," आजी ताठ मानेनं म्हणाली. "आणि ही नाशिकची पोर चिवडा खात होती ना, तिचे डोळे माझ्या नव्या डोळ्याहून चांगले."

मग ती गुडघ्यावर हात देत जीपमध्ये चढली, स्टिअरिंगमागे बसली. "माझा म्हातारा 'गोळा दिव्यासाठी' म्हणाला असता, तर मी विसरले असते," ती पुटपुटली. "देवाचं म्हणाला. ओळखून होता मला."

मागे पोरांच्या तोंडांवर लाल उजेड पडला. आजीनं कितीतरी वेळ ब्रेकवरचा पाय काढलाच नाही.