रोटाची मूठ

“चिंधाबाबा, कलाबाई गाता गाता गेल्या, तर मग ते गाणं पुरं कुणी केलं?”

विचारलं एकदाचं! हर्षदानं मागं वळून पाहिलं. पाणीपुरीच्या गाडीआड योगिता आणि गायत्री एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. सुरतेच्या सगळ्या नवागाममध्ये म्हाताऱ्याला हे विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि मागच्या वर्षापर्यंत हर्षदाचीही नव्हती. हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणताना जिचा आवाज बाकाखाली पडायचा, ती ही हर्षदा. पण दहावीत आल्यापासून गोष्टच वेगळी होती. आता ती गायची.

चिंधाबाबा सोसायटीच्या गेटपाशी मांडीवर साडी पसरून बसले होते. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे बारक्या कात्रीनं कापायचे, हे त्यांचं म्हातारपणचं काम. एके काळी याच हातांनी ते कलाबाईंच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. खानदेशातून सुरतेला आलेल्या माणसांकडं लग्न असो, बारसं असो, नाहीतर श्रावणातली कानबाई असो, कलाबाई गायल्याशिवाय कार्य झाल्यासारखं वाटायचं नाही. मग एका कानबाईलाच त्या देवीपुढं बसल्या बसल्या गेल्या, गाणं अर्ध्यावर असताना. हर्षदा तेव्हा जन्मलीही नव्हती. मागं राहिल्या त्या कॅसेटी, आणि आता मोबाइलवरून फिरणारी त्यांची खरखरीत गाणी.

कात्री थांबली.

“कोणीच नही,” बाबा म्हणाले. “तिनं तोंड मिटेल दिसनं. म्हनीसन मी ढोलकी थांबाडी.”

बस, एवढंच. कात्री पुन्हा चालू झाली.

“तोंड मिटलेलं दिसलं म्हणून ढोलकी थांबवली, असं म्हणाले,” गाडीआड येऊन हर्षदानं सांगितलं.

“हट्! यात काय घाबरायचं?” योगिता म्हणाली. “माणूस मेल्यावर तोंड मिटणारच ना!”

“आमच्या आजोबांचं उघडंच राहिलं होतं,” गायत्री म्हणाली. “रुमाल बांधावा लागला.”

यावर तिघी इतक्या हसल्या की पाणीपुरीवाल्या भैयानं तिखट पाणी जरा जास्तच घातलं.

त्यांच्या बँडचं नाव होतं ‘पुन्हा कलाबाई’. हर्षदा गायला, योगिता ढोलकीला, गायत्री तिच्या भावाच्या जुन्या कॅसिओवर. स्वतःचं एकही गाणं म्हणायचं नाही, फक्त कलाबाईंची, आणि ती जशीच्या तशी. कलाबाई कडव्याआधी घसा खाकरायच्या, तर हर्षदाही खाकरायची. त्या जिथं श्वास घ्यायच्या, तिथंच ही घ्यायची. हर्षदाचं बोलणं शाळेतलं, मराठीत गुजराती कालवलेलं. घरात बापू अहिराणीत बोलले तरी ही उत्तर मराठीत द्यायची. अहिराणी तिच्या तोंडी यायची ती फक्त गाण्यात. संध्याकाळी गच्चीवर तालीम चालायची, आणि खालच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट योगिताच्या ढोलकीला फुकटात साथ करायचा.

कानबाईच्या रविवारी संध्याकाळी त्यांचा पहिला कार्यक्रम होता. सोसायटीच्या मंडळाला खरंतर डीजेच हवा होता. हर्षदाची आई शोभा मंडळाच्या बायकांशी भांडली, तेव्हा कुठं पोरींना अर्धा तास मिळाला.

आणि त्या अर्ध्या तासावर सगळं टांगलं होतं. हर्षदाचे बापू, गजेंद्र, ज्या लूमच्या कारखान्यात कामाला होते तो दिवाळीला बंद होणार होता. बापूंनी गावाकडं, शिरपूरच्या बाजूला, परत जायचं ठरवलं होतं. म्हणजे शाळा गेली, बँड गेला, योगिता-गायत्री गेल्या, आणि आत्ताच कुठं सापडलेली ही नवी हर्षदाही गेली. ती आठवडाभर रडली, भांडली, जेवली नाही. शेवटी बापू म्हणाले, “बरं. रविवारी तुन्हं गाणं आयकसू. गळा खरा निंघना ते ऱ्हाऊत, पलसाण्याले काम दखसू. नही निंघना ते गुपचूप चालनं.”

गळा खरा निघाला तर राहायचं, जवळच्या पलसाण्याला काम बघायचं. नाही निघाला तर निमूट चालायचं.

रविवारी सकाळी ती उठली, आणि गळाच नव्हता.

आधी तिला वाटलं, झोपेचा आहे. गरम पाणी प्यायली. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध चघळून जीभ बधिर झाली. तोंड उघडलं की फाटलेल्या फुग्यातून निघावी तशी नुसती हवा निघायची. आठ दिवस वरच्या पट्टीत किंचाळून तालीम केली होती, ती आता भोवली.

“एक सांगू?” गायत्री हळूच म्हणाली. “मागून कॅसेट लावू. तू नुसते ओठ हलव. कुणाला कळणार आहे?”

हर्षदानं जोरजोरात मान हलवली. “मग... बँड... कसला?” एवढंच कसंबसं कुजबुजता आलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

दुपारी आई पुरणात अडकली होती. “पोरी, रोटाच्या मुठी आज तू भर,” ती म्हणाली. “तेवढंच देवीचं काम तुझ्या हातून होईल, ती काय तो गळा देईल.”

कानबाईचा रोट म्हणजे घरातल्या माणसांच्या हिशोबाचा. एकेकाचं नाव घ्यायचं, त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा, तोच दळून रोट करायचा. ज्याची मूठ, तो घरचा. परक्याला त्यातला घासही द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत घरच्यांनीच तो संपवायचा. गावाकडं फक्त पुरुषांच्या नावाच्या मुठी घ्यायचे. हर्षदाच्या जन्मानंतर शोभा पहिल्यांदा अडून बसली होती, “माझी लेक काय उसनी आणलीय?” तेव्हापासून या घरात बायकांच्याही मुठी घेतल्या जायच्या.

हर्षदा गव्हाच्या डब्यापुढं बसली. बापूंची मूठ घातली. आईची घातली. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, बापूंच्या सख्ख्या भावाची, हेमराजकाकांची घातली. नावं ओठांतल्या ओठांत, कारण आवाज नव्हताच.

मग तिची मूठ भरलेली तशीच राहिली. बाहेर मांडवात कुणीतरी स्पीकर तपासत होतं, हॅलो हॅलो, आणि त्या स्पीकरमध्ये संध्याकाळी आपली हवा फुसफुसणार, बापू उठून जाणार, हे तिला डोळ्यांपुढं दिसलं.

‘फक्त आजच्यापुरतं,’ ती मनात म्हणाली. आणि ती मूठ तिनं कलाबाईंच्या नावानं सुपात टाकली.

आईनं येऊन सूप पाहिलं. चार माणसं, चार मुठी. “बरोबर,” ती म्हणाली आणि गहू चक्कीवर पाठवून दिला.

संध्याकाळी देवी बसली. चौरंगावर नारळाचा मुखवटा, नाकात नथ, भोवती केवड्याची पानं. मांडवात उदबत्तीचा धूर, तळणीचा वास आणि खाडीवरून येणारा, साड्या रंगवलेल्या पाण्याचा तो आंबूस दर्प, सगळं एकात एक. बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. पुढं खुर्चीवर चिंधाबाबा, आजचे पाहुणे. मागं खांबाला टेकून बापू, हातांची घडी घालून.

मघापर्यंत हर्षदाच्या गळ्यातून शब्द निघत नव्हता. योगितानं तिच्याकडं पाहिलं. हर्षदानं डोळ्यांनीच सांगितलं, वाजव.

ढोलकी सुरू झाली. हर्षदानं घसा खाकरला, सवयीनं, कलाबाईंसारखा.

आणि आवाज आला.

भरदार, जाडसर, धुरानं काळवंडलेला आवाज. बायकांमध्ये लाटेसारखं काहीतरी सरकलं. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. टाळ्या पडत होत्या, गायत्री खुशीनं रडत होती, आणि खांबाजवळच्या बापूंच्या हातांची घडी सुटली होती. हर्षदाला उडावंसं वाटत होतं. कानबाई पावली!

फक्त एक होतं. आवाज तिला गळ्यात जाणवत नव्हता. तो उजव्या खांद्यामागून येत होता. ‘स्पीकर तिकडं असेल,’ ती स्वतःला म्हणाली.

स्पीकर डावीकडं होता.

तिसरं गाणं ते, अर्धं राहिलेलं. देवी माहेराहून निघते, दारोदार थांबते आणि विचारते, मला घरात घ्याल का? एकेक दार नाही म्हणतं. कलाबाई गेल्या त्या दिवशी भरलेल्या कॅसेटमध्ये ती शेवटच्या दाराशी येते, विचारते, आणि तिथं टेप तुटते. ठरलं असं होतं की तिथंच थांबायचं, आणि सगळ्यांनी कलाबाईंना हात जोडायचे.

दुसऱ्या दाराशी हर्षदाच्या लक्षात आलं, की शब्द तिच्या ओठांच्या किंचित आधी येतायत.

तिसऱ्या दाराशी ती एका ओळीला मुद्दाम उशिरा पोचली. ओळ तिच्यासाठी थांबली नाही.

तिला श्वास घ्यायचा होता, घेता येईना. कारण गाण्यात ती श्वासाची जागा नव्हती.

मग तिनं तोंड मिटलं.

गाणं चालूच राहिलं.

कुणाच्याच लक्षात आलं नाही. बायका डोलत होत्या. गायत्री डोळे मिटून वाजवत होती. आई हात उंचावून टाळ्या वाजवत होती, अगदी हर्षदाच्या तोंडाकडं बघत.

फक्त चिंधाबाबा उठून उभे राहिले होते. ते तिच्या ओठांकडं बघत होते.

“थांबाड!” ते योगितावर ओरडले. “पोरी, ढोलकी थांबाड!”

योगिताला वाटलं, म्हातारा रंगात आलाय. तिनं हसून मान डोलावली आणि लय वाढवली.

देवी शेवटच्या दाराशी आली. तिनं विचारलं.

टेप तुटते ती जागा आली. गेली.

आणि ज्या ओळी कुणीच कधी ऐकल्या नव्हत्या, त्या मांडवभर घुमल्या. शेवटचं दार उघडतं. घरधनीण म्हणते, आत ये, तुझी मूठ घेतलेली आहे.

हर्षदाच्या हातात गव्हाचे दाणे टोचल्यासारखे झाले. बापूंची मूठ. आईची. काकांची. कलाबाईंची.

चार माणसं, चार मुठी.

तिनं स्वतःचं नाव घेतलंच नव्हतं.

टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत. बापू गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे ओले होते. “आठेच ऱ्हायनूत,” ते म्हणाले. इथंच राहायचं. “आते कोठेच जानं नही.” हे बोलताना ते हर्षदाच्या उजव्या खांद्याच्या जरा पलीकडं बघत होते. पुढं चिंधाबाबांची खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या दिवसापासून ते गेटपाशी धागे कापायलाही बसले नाहीत.

त्यानंतरचे दिवस हर्षदानं कसे काढले, तिलाच ठाऊक. गळ्यातून फक्त हवा. पण घरात कुणी विचारलंच नाही, तुझा गळा कसा आहे म्हणून. सकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “हो गं बाई, ऐकलं, देते चहा.” हर्षदा दारात नुसती उभी असायची. योगितानं शाळेतून येताना पाठीत धपाटा घातला, “किती बोलतेस आजकाल! मला तर चान्सच नाही.” हर्षदा वाटभर गप्प होती. एकदा तिनं वहीवर लिहिलं, ‘माझा आवाज येत नाहीये,’ आणि गायत्रीपुढं धरलं. गायत्री पोट धरून हसली. “नौटंकी! आत्ता तर बोलत होतीस!”

पुनवेच्या आदल्या दिवशी न्हाणीघरात, नळ सोडून, तिनं स्वतःचं नाव घेऊन पाहिलं. पहिल्यांदा हवा. दुसऱ्यांदा हवा. मग अगदी बारीक, चिमणीएवढं, पण तिचं स्वतःचं, गळ्यातलं, “हर्षदा.”

ती तिथंच ओल्या फरशीवर बसून रडली. आणि मग ठरवलं. आजच बोलायचं. मुठीचं सगळं सांगून टाकायचं, आणि म्हणायचं, बापू, आपण गावाला जाऊ. शाळा नको, बँड नको, काही नको. इथून मला घेऊन चला. ज्याच्यासाठी एवढं केलं तेच आता तिला नको होतं. तिला फक्त या घरातून, त्या खांद्यामागच्या आवाजापासून लांब जायचं होतं.

दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. पुनवेच्या आत रोट संपवायचा म्हणून आईनं उरलेला सगळा ताटांत वाढला. हेमराजकाका कामावर होते. बापू, आई आणि ती, तिघंच.

हर्षदानं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रोटाचा तुकडा तोंडात टाकला. तो भलताच कोरडा होता, चावता चावेना. ज्याची मूठ नाही त्यानं रोट खायचा नसतो, हे तिला तो तोंडात गेल्यावर आठवलं. गिळवेना, आणि देवीचं म्हणून थुंकवेना. गाल फुगवून ती तशीच बसली. हा घास संपला की बोलायचं. हा एवढा घास.

तिनं मान वर केली. आई-बापू हातातला घास थांबवून ऐकत होते. दोघंही कौतुकानं हसत होते.

तिच्या मिटल्या तोंडात रोट होता. आणि उजव्या खांद्यामागून कुणीतरी घसा खाकरून, अगदी शांतपणे सांगत होतं,

“माय, बापू, मी ठरायी लिधं. तुम्ही कोठेबी जा. मी आठेच ऱ्हासू.”