परवा म्हणजे किती तास?

"प्लास्टर कधीचं?" विमानतळावरच्या यंत्रमानवाने विचारलं. त्याच्या छातीवर ‘पारख’ असं नाव होतं.

"परवाचं," मी म्हणाले.

"परवा अजून यायचा आहे," पारख म्हणाला.

मला हसू फुटलं. मराठीत गेलेला दिवसही परवा आणि येणाराही परवाच, हे याला कोण समजावणार? निमाआत्या मात्र हसली नाही. आमचं बॅटरीवरचं विमान तासाभरात जळगावहून सुटणार होतं, गोव्याला पोचायला तीन तास. तिथून दुपारी चारला आईचं जहाज दक्षिण ध्रुवाकडे निघणार होतं, वर्षभरासाठी. आई तिथल्या संशोधन केंद्राची डॉक्टर. आणि मी शहाणी नेमकी सायकलवरून पडून नडगी मोडून बसले होते.

"अरे बाबा, दोन दिवस झाले की," आत्या म्हणाली. "परवा झाला, काल झाला."

"मला तास हवेत."

"तासांचं काय घेऊन बसलास?" मी चिडले.

"शाल्मली, घाटात वेफर्सचं पाकीट फुगलेलं पाहिलंस?" माझ्या तिकिटावरचं नाव वाचत पारखने विचारलं.

"हो, टम्म."

"उंचावर हवेचा दाब (हवेचा चहूबाजूंनी पडणारा भार) कमी होतो, म्हणून आत कोंडलेली हवा पसरते. विमानातही तेच होतं. तुझ्या प्लास्टरच्या थरांत हवा अडकली आहे, शिवाय मार ताजा, म्हणजे सूज वाढणार. पण प्लास्टर कडक. ते फुगत नाही. मग चेपणार काय?"

"माझा पाय," मी हळूच म्हणाले.

"आणि त्यातल्या रक्तवाहिन्या. म्हणून लांबच्या प्रवासाला पहिले अठ्ठेचाळीस तास अखंड प्लास्टर चालत नाही."

परवा सकाळचं सांगितलं असतं, तर कुणाला कळणार होतं? पण पाय माझाच होता.

"परवा संध्याकाळी सातला घातलं," मी सांगून टाकलं. आता सकाळचे आठ वाजले होते. म्हणजे सदतीस तास. मला रडूच आलं. "आई जाईल ना आता?"

"प्लास्टर चिरलं तर तू जाऊ शकशील," पारख म्हणाला.

विमानतळावरच्या डॉक्टर सरोदेबाईंनी आधी माझ्या डॉक्टरांना फोन केला. मग छोटी करवत काढली. माझी बोबडीच वळली.

"ही गोल फिरत नाही गं, नुसती थरथरते," त्या म्हणाल्या. "कडक प्लास्टर कापलं जातं, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते." दोन्ही बाजूंनी उभी चीर पडली. वरून त्यांनी पट्टी गुंडाळली. हाडाला आधार तसाच राहिला, सुजेला मात्र जागा मिळाली. "बोटं हलवत राहा. बधिर झाली किंवा निळी पडली तर लगेच सांग."

विमानात आम्ही सगळ्यांत शेवटी चढलो. तीन तास मी बोटं हलवत होते.

बंदरावर आईने आधी माझ्या पायाची बोटं चाचपली, मगच मला मिठी मारली. मी तिला सगळं सांगितलं.

"सूज आली की आपोआप सैल होणारं प्लास्टर हवं," ती म्हणाली. "तिकडे बर्फावर आम्हालाही लागेल."

"मी करते. तू येईपर्यंत आराखडा तयार ठेवते."

आईने डोळे पुसले. "ठेव. पण तो बसून काढ, पाय वर करून."