दुसरी काच

मायक्रोस्कोपचा लोखंडी पाया. त्याला चिकटलेला केसांचा झुपका.

मनगटावरचं स्मार्टवॉच. नाडीचा शेवटचा ठोका, ११.०८.

कचऱ्याच्या लाल पिशवीत हातमोज्यांचे दोन जोड. एक रक्ताने माखलेला. दुसरा नुसता ओला.

पाण्याच्या भांड्यात दोन काचपट्ट्या. दोन्हींवर मधासारखा तपकिरी ठिपका.

वॉचमन कॉन्रॅडच्या तीन मोडलेल्या बरगड्या.

चिंचोटीजवळच्या गाळ्यात कॅन्सर संशोधनाची छोटी प्रयोगशाळा होती. तिथे काम करणाऱ्या सलोनी म्हात्रेचं डोकं कोणीतरी ठेचलं होतं. सकाळी साडेअकराला कॉन्रॅड तिला उचलून बाहेर धावला. शेजारच्या गाळेवाल्यांनी त्याच्या अंगावरचं रक्त पाहिलं आणि त्याला पाइपने झोडपलं.

आता हॉस्पिटलच्या गेटवर तीसजण उभे होते. खरा माणूस सापडला नाही, तर कॉन्रॅड तिथून जिवंत निघणार नाही, हे इन्स्पेक्टर जागृती वर्तकना दिसत होतं.

"मॅडम, मी मागे जनरेटरपाशी होतो," कॉन्रॅड कण्हत म्हणाला. "आत आलो तर पोरगी जमिनीवर. उचलली फक्त."

तीन वाजता जागृतीसमोर प्रयोगशाळेचे प्रमुख, डॉक्टर उमंग राऊत बसले होते. सहा वर्षं खपून त्यांनी एक अँटीबॉडी बनवली होती.

"ही करते काय?"

"कॅन्सरच्या पेशीवर एक खूण असते. ही तिलाच चिकटते. मग रंग टाकला की तेवढीच जागा तपकिरी होते."

"अकरा वाजता कुठे होतात?"

"आगाशीला, घरी. एकटाच."

"सलोनीच्या वहीत लिहिलंय, रंग टाकला ११.०५. किती वेळ ठेवायचा?"

"पाच मिनिटं. टायमर वाजला की लगेच धुवायचं."

"नाही धुतलं तर?"

"सगळं काळपट पडतं. काही वाचता येत नाही."

"धुता कोणाला येतं?"

"मला आणि सलोनीला. वॉचमनला काचांना हात लावायची मनाई आहे."

जागृतीने काचांचा फोटो पुढे सरकवला.

"रंग कसा आलाय?"

उमंगनी पाहिलं. फोटो उलटा करून परत सरकवला.

"अगदी बेतशीर, नाही का? म्हणजे ११.१० ला धुतल्या. सलोनी ११.०८ ला गेली होती. भांड्यावर रक्ताचा डागही नाही, कारण धुणाऱ्याने आधी हातमोजे बदलले. कॉन्रॅडचे हात तर कोपरापर्यंत लाल होते. ओल्या जोडाच्या आतला घाम तपासायला गेलाय, डॉक्टर."

उमंगनी हात टेबलाखाली घेतले.

"पहिल्या काचेवर गाठीचा तुकडा, दुसरीवर निरोगी माणसाचा. दुसरी कोरी राहायला हवी होती. तुम्ही तिथे उभे होतात. तुमच्या डोळ्यांदेखत तीही तपकिरी होत गेली. म्हणजे तुमची अँटीबॉडी निरोगी पेशींनाही चिकटत होती. सहा वर्षं पाण्यात. सलोनी काय म्हणाली?"

"सगळ्यांना कळवायलाच हवं म्हणाली." उमंगनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "मी तीनदा मारलं. मग टायमर वाजला. हात आपोआप गेले, मॅडम. वीस वर्षांची सवय."

"तसंच सोडलं असतंत, तर दोन्ही काचा काळ्या पडल्या असत्या. तिला मारायला तुमच्याकडे कारण होतं, हे कुणाला कळलंच नसतं."

जागृतीने हॉस्पिटलच्या गेटवरच्या हवालदाराला फोन लावला. "नरहरी, सगळ्यांना ओरडून सांग. कॉन्रॅडने नाही मारलं."

त्या सकाळी नऊ वाजता सलोनीने उमंगना मेसेज पाठवला होता : सर, बहुतेक माझंच काहीतरी चुकतंय. आज पुन्हा करून बघते, तुम्ही शेजारी थांबाल का?