भिंतींना कळेपर्यंत

तुर्कू शहरात नोव्हेंबरच्या थंडीत सगळ्यांचे कोट काळे असतात. त्यामुळे जीवशास्त्र विभागातल्या खुंटीवरून मी उचललेला कोट माझा नाही, हे खालच्या दारापाशी त्याचा खिसा किंचाळू लागला तेव्हाच मला कळलं. आत टायमर होता.

एक उंच मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत आला.

“थांब! माझ्या पेशी भाजतायत!”

“मग माझ्यामागे काय धावतोस? त्यांच्याकडे धाव ना!”

तो थबकला, कानापर्यंत लाल झाला — आणि आल्या वाटेनं वर पळाला. मीही मागोमाग गेले. माझा कोट वरच होता ना!

गरम पाण्याच्या टाकीतून त्यानं पेशींची बशी उचलली. “चार मिनिटं उशीर. गेली कचऱ्यात.”

“टाकू नकोस. तीही मोज.”

“तीसऐवजी चौतीस मिनिटं तापलेली बशी कुणाला हवी?”

“मला. मी सायमी. गणित विभाग.”

“अच्छा... दर सोमवारी ‘तुझे आकडे पुन्हा तपास’ असं लिहिणारी ती तूच?”

“आणि ‘तुझी समीकरणं तपास’ असं उलट लिहिणारा ओत्सो तू.”

सहा महिने आम्ही न भेटता भांडत होतो. बेचाळीस अंशांच्या उष्णतेत पेशीतली प्रथिनं बिघडतात, आणि त्यांना सावरायला पेशी मदतनीस प्रथिनं बनवते. किती वेळात किती बनवते, ते माझी समीकरणं सांगत. पण ओत्सोचा प्रत्येक ठिपका माझ्या रेषेच्या खाली पडायचा. शुक्रवारी शोधनिबंध पाठवायचा होता. तोवर जुळलं नाही, तर माझं मॉडेल त्यातून वगळणार होते.

“एक जास्तीचा आकडा घाल की समीकरणात,” कॉफी ओतत ओत्सो म्हणाला. “रेषा गुपचूप खाली येईल.”

“त्या आकड्याचा अर्थ काय?”

“अर्थ... शुक्रवारी सुटका!”

“नाही घालणार.”

“हट्टी आहेस.”

“बाबांवर गेलेय.”

तो हसला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. बाबा मार्चमध्ये गेले, हे मी सांगितलं नव्हतं... तरी त्यानं दालचिनीचा पाव मोडला आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

गुरुवारी त्याचा फोन आला. “ये लवकर. तीस मिनिटांना जेवढी प्रथिनं हवीत असं तुझी रेषा म्हणते ना, नेमकी तेवढी त्या चौतीस मिनिटांच्या बशीत निघालीत.”

पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे मी बघत राहिले. तळ्याकाठचा बाबांचा सौना आठवला — वाफेनं अंग शेकायची लाकडी खोली. लहानपणी तापमापकानं ऐंशी दाखवलं रे दाखवलं, की मी आत घुसायला बघायची, आणि बाबा दारात हात आडवा धरायचे. ‘थांब, सायमी. हवा तापलीय, भिंतींना अजून कळलेलं नाही.’

“ओत्सो, टायमर कधी लावतोस?”

“बशी पाण्यात ठेवली की. सगळेच तसं करतात.”

“पाणी बेचाळीस अंशांवर असतं. पेशींना ते कधी कळतं?”

त्यानं तापमापकाची बारीक तार एका नव्या बशीत सोडली. डोक्याला डोकं लावून आम्ही आकडा चढताना बघत होतो. सदतीस... एकोणचाळीस... त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास होता. बेचाळीस व्हायला चार मिनिटं लागली.

सगळे ठिपके चार-चार मिनिटं मागे सरकवले, तसे ते निमूट माझ्या रेषेवर येऊन बसले.

“सहा महिने माझंच चुकत होतं...” तो पुटपुटला. “आता सोमवारी काय लिहिशील?”

“आधी शनिवारचं बघ. लाकडं फोडता येतात?”

बाबांच्या सौनाची चूल मार्चपासून पेटली नव्हती. ती मीच पेटवायची, हे ठरवायला मला आठ महिने लागले. शनिवारी ओत्सोनं लाकडं फोडली, मी विस्तव लावला.

“ऐंशी झाले,” काचेतून डोकावत तो म्हणाला.

“थांब.”

पायरीवर खांद्याला खांदा लावून आम्ही आणखी अर्धा तास बसलो. मग पहिला नंबर माझा. मी एकटीच आत गेले, बाबांच्या फळीवर बसले, दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ उठली. चेहरा ओला झाला, आणि तो पुसायची गरज नव्हती.

दारापलीकडून आवाज आला. “सायमी? किती मिनिटं लावू?”

“टायमर बंद कर. नुसता बस तिथं... आणि आज जाऊ नकोस.”

बाहेर टायमर बंद केल्याचा ‘टिक’ आवाज आला. मग —

“पुन्हा तपासून सांग.”

“तपासलंय.”