सातवी आसरा

धोंड्यांनाही लगेज तिकीट लागतं, हे मंदाकिनीला सिल्लोड गाडीच्या कंडक्टरनं शिकवलं. तेही चौका घाटात, भर गर्दीत. वाटेत आडवी आलेली तिची पिशवी बाजूला सारायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"काय भरलंय मॅडम हिच्यात? धोंडे?"

"हो."

सगळी गाडी हसली. तो हसला नाही. पिशवीत डोकावून म्हणाला, "घाटात एवढे पडलेत, तुम्हाला हेच का लागतात?"

"हेही नाही लागत," ती वैतागून म्हणाली. "मला हिरवा हवाय."

मंदाकिनी करमाडच्या काकासाहेबांची धाकटी लेक. औरंगाबादला कॉलेजात भूगर्भशास्त्राचं संशोधन करत होती. हा सारा मुलूख लाव्हाच्या थरांचा, कुठंही फोडा, काळाच कातळ. पण लाव्हा वर येताना क्वचित कधी फार खालचा, पृथ्वीच्या प्रावरणातला एखादा हिरवा तुकडा सोबत ओढून आणतो. तो सापडला तर खाली काय घडत होतं, जमीन का फाटली, ते तोच सांगणार. त्या तुकड्यापायी ती दोन उन्हाळे डोंगर तुडवत होती आणि हाती काही लागलं नव्हतं. आता आणखी एक उन्हाळा, मग संशोधन बंद आणि बोहल्यावर, असं काकासाहेबांनी बजावून ठेवलं होतं.

कंडक्टरनं तिकीट फाडलं, चिमट्यानं भोक पाडलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "हिरवा एक आमच्या विहिरीवर हाय. बघायचाय?"

त्याचं नाव कडूबा. आधीची दोन भावंडं गेली, हा तरी जगावा म्हणून कडू नाव ठेवलेलं.

"पण बोलता तर गोड," मंदाकिनी बोलून गेली... आणि खिडकीबाहेर बघू लागली. कडूबा हातातला रिकामाच चिमटा वाजवत राहिला. टक, टक. काही सुचेनासं झालं की तो असंच करायचा, हे तिला पुढं कळलं.

त्याच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळली होती. वडील पुंजाराम घाटावर स्थिरावले, आणि मोठ्या दुष्काळात त्यांनी विहीर खणली. शेवटच्या सुरुंगाला पाणी लागलं आणि पाण्यासोबत हा धोंडा वर आला. विहिरीच्या काठावर लिंबाखाली आसरा मांडल्या होत्या, पाणी राखणाऱ्या सात देवी. सहा धोंडे ओढ्यातले, सातवा हा. पुंजाराम पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या हातचं म्हणून राजाबाई, कडूबाची आई, सातवीला जरा जास्तच शेंदूर लावायची.

कडूबासोबत विहिरीवर आलेल्या मंदाकिनीनं सातवीपुढं गुडघे टेकले. शेंदराच्या कडेला साखरेसारखे हिरवे दाणे चमकत होते. तिचे डोळे भरून आले.

"मावशी, ही फार खालून आलीय हो. पाताळाच्याही खालून."

"देवच हाय ती," राजाबाई शांतपणे म्हणाली.

परतताना मंदाकिनीनं कडूबापासून काही लपवलं नाही. "हा कापावा लागेल. अगदी पापुद्र्याएवढी चकती काढायची, उजेड आरपार जाईल अशी. त्याशिवाय काही कळत नाही."

टक, टक. "आईला मी सांगतो," तो म्हणाला.

काय सांगितलं ते तिनं विचारलं नाही. पुढच्या खेपेला राजाबाईनं सातवीला नव्या खणात गुंडाळली, सोबत नारळ आणि मूठभर ज्वारी बांधली आणि लेक सासरी धाडावी तशी मंदाकिनीच्या हाती दिली. "आखाजीला लेकी माहेरी येतात, बाय. हिलाबी आण."

गाडीत तिनं धोंडा मांडीवर घेतला आणि तिकिटासाठी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या," कडूबा म्हणाला. "मांडीवरच्या लेकराला तिकीट नसतं."

त्या हिवाळ्यात तिचं सिल्लोडकडे काहीएक काम नव्हतं, तरी ती सिल्लोडच्याच गाडीत दिसायची. पहिली सीट तिची. गर्दी ओसरली की तो शेजारच्या दांड्याला टेकून उभा राही.

"जमीन सरकते म्हणता... आमची विहीर पण?"

"विहीर, घाट, तुमची गाडी, सगळंच. नखं वाढतात ना, तेवढ्या वेगानं."

त्यानं आपल्या नखांकडं पाहिलं. मग तिच्या नखांकडं. "मग आपण दोघं एकाच बाजूला सरकतोय म्हणायचं."

फुलंब्री येईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

हैदराबादच्या प्रयोगशाळेत तिनं स्वतः धोंडा करवतीखाली धरला. चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि निळे, पिवळे, गुलाबी रंग उमटले. तो प्रावरणातलाच होता. चैत्रात जपानच्या एका विद्यापीठानं बोलावलं, तीन वर्षांसाठी. ही बातमी तिनं काकासाहेबांच्याही आधी त्याला सांगितली.

"लई चांगलं झालं," कडूबा म्हणाला. त्यानंतर चौक्याच्या तीन माणसांना त्यानं सिल्लोडची तिकिटं दिली.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, ती विहिरीवर आली तेव्हा राजाबाईनं काठ सारवून ठेवला होता, पुरणाचा निवद मांडला होता. सातवीची जागा मोकळी होती. मंदाकिनीनं खण उलगडला. आत धोंड्याच्या दोन फाका होत्या.

राजाबाईचा कुंकवाचा हात तसाच थांबला. "कडू, ही चिरली कुणी?"

कडूबा जमिनीकडं बघत होता. मंदाकिनीनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही... सांगितलंच नव्हतं?"

"बघायला नेती, एवढंच सांगितलं." तो म्हणाला. "कापायचं म्हणलो असतो तर आई नाय म्हणली असती. अन्‌ मग तुम्ही... परत आला नसता."

भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत, हे मंदाकिनीलाही ठाऊक होतं. या माउलीच्या नवऱ्याची शेवटची खूण आपण करवतीखाली घातली.

"मावशी, मी चिरली. माझ्या हातानं. शिक्षा करायची तर मला करा."

राजाबाई पुढं झाली. तिनं एक फाक उचलली, कापलेल्या गुळगुळीत अंगावरून बोटं फिरवली, मग तांब्यातलं विहिरीचं पाणी तिच्यावर ओतलं. आतला हिरवा रंग उन्हात उजळला. इतकी वर्षं पूजा करून तो तिनं कधी पाहिला नव्हता. बराच वेळ ती बघत राहिली, आणि मग पदरानं डोळे पुसले.

"सासरी गेलेली लेक कधी सगळीच्या सगळी माघारी येती व्हय? अर्धी तिकडंच ऱ्हाती. म्हणून काय माहेरानं दार लावायचं?"

तिनं ती फाक सातवीच्या जागी बसवली, कुंकू लावलं. दुसरी मंदाकिनीच्या ओंजळीत दिली. "ही ने तुझ्यासंगं. अन्‌ तूबी येत जा दर आखाजीला. हे तुझंच माहेर समज, पोरी."

टक, टक. टक, टक.

"आई," कडूबा म्हणाला.

"आता काय?"

"तिला... इथलं माहेर नको देऊ."

राजाबाईनं लेकाकडं पाहिलं, मग मंदाकिनीकडं, आणि पदर तोंडाशी नेला.

मंदाकिनी फाक घेऊन उभी राहिली. ती म्हणाली, "मला तीन वर्षं लागतील, कडूबा."

"लागू द्या."

"काकासाहेब ऐकायचे नाहीत. करमाडची पाटीलकी अजून त्यांच्या डोक्यातून गेली नाही."

"त्यांच्याशी मी बोलतो."

"तुम्ही नको. तुम्ही अर्धंच सांगता," ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी असतानाच हसली. "मी बोलते. आजच बोलते."

आसरांपुढं फोडायला आणलेला नारळ राजाबाईच्या हातात होता. तो तिनं फोडला नाही. पुसून, कुंकवाचं बोट लावून, लिंबाच्या ढोलीत नीट ठेवून दिला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या ओटीला व्हईल."